विसरलेल्या दोन झडपा

आपल्या चंद्रपुरास दगडी कोळशाच्या आंचेनें पाण्याची वाफ होऊन वीज निघते. तारापुरास 1969 पासून तेंच काम युरेनियमकडून घेतात. मात्र अणुभट्टी बंद केली तरी आंतून तापतच राहते. तीस पाणी अखंड हवें.

अमेरिकेंत थ्री माइल आयलंड येथें 1979 च्या मार्चांत तपासणीसाठीं बंद केलेल्या दोन झडपा पुन्हा उघडावयाच्या राहिल्या. 28 तारखेस मुख्य पंप थांबले. राखीव पंप सुरू झाले, पण पाणी पुढें जाईना. एका झडपेचा सूचक दिवा टांगलेल्या चिठ्ठीआड झांकलेला! ही चूक 8 मिनिटांनीं उमगली. तिकडे दुसरीच एक झडप उघडी अडकून भट्टींतलें पाणी वाहून जात होतें. चालकांनीं मात्र पाणी फार झालें असें समजून पुरवठा कमी केला, आणि सुमारें निम्मा गाभा वितळला. आम्हांस राहून राहून नवल वाटतें तें त्या चिठ्ठीचें. दुरुस्तीची आठवण राहावी म्हणूनच ती तेथें टांगलेली होती.