परसबागेतील वाटाणा : उसाची सवय इथे चालत नाही



ऊस हे आपले पैशाचे पीक खरे, पण उसाचे बिल हाती पडेपर्यंत रोजची भाजी बाजारातूनच येते. घरामागे 10 फूट बाय 10 फूट जागा असली तरी हिवाळ्यात पाच-सहा किलो वाटाण्याच्या शेंगा निघू शकतात. मात्र वाटाणा उसासारखा करू गेलात तर पदरात काही पडणार नाही. ऊस भरपूर पाण्याला आणि युरियाला दाद देतो, वाटाणा त्या दोन्हींनी बिघडतो.

जागा व वेळ : वाटाणा थंडीचे पीक. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत टोकण करावी. उशीर झाला की फुलोरा उन्हात सापडतो, फुले गळतात आणि दाणा भरत नाही. जागा उन्हाची व निचऱ्याची हवी. चोपण-खारवट जमीन नको. मोरीचे साबणाचे पाणीही तिकडे सोडू नये.

बियाणे : लवकर येणारी अर्केल किंवा मध्यम मुदतीची बोनव्हिला घ्यावी. एवढ्या जागेला 100 ग्रॅम बी पुरते. बियाला वाटाण्याचेच रायझोबियम जिवाणू खत चमचाभर, गुळाच्या थंड पाण्यात कालवून चोळावे व सावलीत सुकवावे. सोयाबीनचे किंवा भुईमुगाचे पाकीट घरात शिल्लक आहे म्हणून ते वापरू नये. त्यातले जिवाणू वाटाण्याला उपयोगी पडत नाहीत.

दोन फुटांवर सऱ्या पाडून वरंब्याच्या दोन्ही बगलांना 2 ते 3 इंचांवर, इंच-दीड इंच खोल बी टोकावे. सगळे बी एकाच दिवशी न टोकता दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा टोकले, तर शेंगा एकदम न येता पुरवून मिळतात.

खत : चार-पाच पाट्या कुजलेले शेणखत किंवा प्रेसमड कंपोस्ट, 350 ग्रॅम सुपर फॉस्फेट, 75 ग्रॅम पोटॅश आणि फक्त 50 ग्रॅम युरिया टोकणीआधी मातीत मिसळावा. पुन्हा युरिया देऊ नये. दिलात तर वेल नुसता माजतो आणि मुळावरच्या गाठी काम सोडतात. महिन्याने एक रोप मातीसकट अलगद उपटून पाहा. गाठ फोडल्यावर आत गुलाबी-लाल दिसली, तर हवेतला नत्र मिळू लागला असे समजावे.

पाणी : टोकणीनंतर हलके पाणी, पुढे आठ-दहा दिवसांनी. मूठभर माती दाबून गोळा होत असेल तर पाणी थांबवा. फुलोरा व दाणे भरताना मात्र ताण पडू देऊ नका. सरीत पाणी तुंबले की मुळ्या कुजतात व रोपे पिवळी पडून मरतात. ओळींमध्ये पाचट पसरले तर ओल टिकते. वेलाला तुराट्यांचा आधार द्यावा.

रोग व तणनाशक : डिसेंबर-जानेवारीत पानांवर पांढरी भुरी दिसताच, तयार शेंगा आधी तोडून, 10 लिटर पाण्यात 20 ते 25 ग्रॅम पाण्यात मिसळणारे गंधक सकाळी फवारावे. पण उसात 2-4-डी मारलेला पंप परसबागेत आणू नये. ते औषध रुंद पानांचे तण मारते आणि वाटाणा रुंद पानाचाच आहे. पंपात राहिलेला अंशही वेल वाकडातिकडा करतो.

तोडणी : अर्केलची पहिली तोडणी साधारण 55 ते 60 दिवसांत येते. शेंग भरलेली पण हिरवीगार असतानाच तोडावी. उसाची तोड लांबली की उतारा घटतो हे आपण जाणतोच. वाटाण्यातही उशीर झाला की साखरेचा स्टार्च होतो आणि दाणा पिठूळ लागतो. तोडा आठवड्याने घेत राहावे.

शेवटी वेल उपटू नयेत, जमिनीलगत कापावेत. मुळ्या व गाठी मातीत कुजू द्याव्यात. त्याच वाफ्यात पुढे मेथी किंवा पालक टाकला, तर त्याला या नत्राचा लाभ होतो.

परसबाग बहुधा घरच्या माउलीच्या हाती असते, म्हणून हा लेख घरात वाचून दाखवावा. बियाणे व जिवाणू खताबाबत आपल्या गटाच्या शेतकी कर्मचाऱ्यांना विचारावे. यंदा एक वाफा तरी कराच!

— ऊस विकास अधिकारी