इंग्रजी बोलताना काय महत्त्वाचं : ओघ की अचूकता?



दहावीला इंग्रजीत ऐंशीच्या वर मार्क. व्याकरणाचे प्रश्न सगळे बरोबर. आणि डिप्लोमाच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी प्रोजेक्टबद्दल दोन वाक्यं इंग्रजीत सांगायला सांगितली, तर तोंडातून शब्द फुटेना! प्रोजेक्ट तुम्हीच केलेला. मराठीत विचारलं असतं तर अर्धा तास बोलला असतात. ओळखीचं वाटतंय ना?

महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षं. तरी असं का होतं? कारण ही दहा वर्षं आपण बहुतेक वेळ वाचण्यात आणि उत्तरं लिहिण्यात घालवतो. बोलण्याचा सराव जवळजवळ होतच नाही. पोहण्याचं पुस्तक पाठ केलं म्हणून विहिरीत हातपाय मारता येत नाहीत, तसंच हे आहे.

माझीच एक चूक

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात आठवीच्या वर्गात एक मुलगी स्वतःहून उठून इंग्रजीत आपल्या गावाच्या जत्रेबद्दल सांगायला लागली. पहिल्या वाक्यात चूक, मी सुधारली. दुसऱ्या वाक्यात चूक, तीही सुधारली. चौथ्या वाक्याला ती थांबली आणि खाली बसली. त्या वर्षी ती पुन्हा स्वतःहून उठली नाही. मला वाटलं होतं मी शिकवतोय. खरं तर मी तिचं बोलणं बंद केलं होतं.

तेव्हापासून एक गोष्ट मी पक्की धरली. ओघ आणि अचूकता ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही हवीतच, पण एकाच वेळी दोन्हींवर लक्ष ठेवायला गेलो की दोन्ही बिघडतात. म्हणून दोघांना वेगवेगळी वेळ द्या.

ओघासाठी : चार-तीन-दोन

न्यूझीलंडचे भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन यांनी एक सोपा सराव शिक्षकांमध्ये लोकप्रिय केला आहे. एक सोपा विषय घ्या, उदा. 'माझा कालचा दिवस'. त्यावर एका मित्राशी चार मिनिटं बोला. मग तेच दुसऱ्या मित्राला तीन मिनिटांत सांगा. मग तिसऱ्याला दोन मिनिटांत. मित्र नसेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करा.

यात होतं काय? विषय तोच, शब्द तेच, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या वेळी विचार करायला वेळ लागत नाही. अडखळणं कमी होतं. या वेळात कुणीही चूक काढायची नाही, स्वतःसुद्धा नाही. आणि विषय सोपाच हवा. अवघड विषय घेतला की तो शब्द शोधण्याचा सराव होतो, ओघाचा नाही.

शब्दांची भीती बाळगू नका. ब्रिटिश काळात ढाक्यात शिक्षणाचं काम केलेले मायकेल वेस्ट यांनी 1953 मध्ये इंग्रजीतल्या सुमारे 2000 उपयुक्त शब्दांची यादी प्रसिद्ध केली. रोजच्या बोलण्याचा फार मोठा भाग एवढ्याच शब्दांवर चालतो. यातले बरेचसे शब्द तुम्हाला आजच माहीत आहेत. फक्त ते तोंडावर आणायचे आहेत.

अचूकतेसाठी : चुकीमागचं मराठी वाक्य शोधा

आपल्या बऱ्याच चुका अज्ञानातून होत नाहीत. आपण मराठीच्या नियमाने इंग्रजी बोलतो, म्हणून होतात. नियम कळला की चूक पकडता येते.

1. 'आय डिड नॉट वेंट.' मराठीत आपण 'मी गेलो नाही' म्हणतो, म्हणजे क्रियापद भूतकाळातच राहतं. इंग्रजीत भूतकाळाचं ओझं एकटं 'डिड' उचलतं. म्हणून : आय डिड नॉट गो.

2. 'आय लिव्ह इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स.' मराठीत 'पाच वर्षांपासून' आणि '2020 पासून', दोन्हीकडे 'पासून'च. इंग्रजीत किती काळ ते सांगायला 'फॉर' आणि केव्हापासून ते सांगायला 'सिन्स'. क्रियापदही बदलतं : आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स.

3. 'यस, आय हॅवन्ट.' 'अजून जेवला नाहीस का?' या प्रश्नाला आपण 'हो, नाही जेवलो' म्हणतो. आपला 'हो' समोरच्याच्या म्हणण्याला असतो. इंग्रजीत पुढचं वाक्य नकारी असेल तर सुरुवातही 'नो' नेच : नो, आय हॅवन्ट.

4. 'वी डिस्कस्ड अबाउट द मॅच.' आपण मॅच'बद्दल' चर्चा करतो, म्हणून 'अबाउट' येतो. 'डिस्कस' ला त्याची गरज नाही. तसंच आपण कुणा'शी' लग्न करतो, म्हणून 'मॅरिड विथ' म्हणतो. बरोबर आहे 'मॅरिड टू'.

5. 'शी इज टीचर.' मराठीत 'ती शिक्षिका आहे' एवढं पुरतं. इंग्रजीत 'शी इज अ टीचर'.

'अ' लावायचं की 'ॲन' हे ठरवायला एक युक्ती सांगतो. शब्द देवनागरीत लिहून बघा. 'युनिव्हर्सिटी'ची सुरुवात 'य' या व्यंजनाने, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. 'अवर' म्हणजे तास, सुरुवात स्वराने, म्हणून 'ॲन अवर'. स्पेलिंगकडे न बघता उच्चाराकडे बघायचं, आणि ते आपली लिपी छान दाखवते.

उच्चाराकडे थोडं लक्ष

'व्हेट' म्हणजे जनावरांचा डॉक्टर आणि 'वेट' म्हणजे ओला. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्यात ओठांचा गोल होतो. आरशासमोर पाच वेळा म्हणा, फरक दिसेल.

दुसरं, इंग्रजी शब्दात एका अवयवावर जोर असतो आणि तो जागा बदलतो. 'फोटोग्राफ'मध्ये पहिल्यावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर. आपण सगळे अवयव सारख्या जोराने म्हणतो, म्हणून कधी कधी व्याकरण बरोबर असूनही समोरच्याला कळत नाही.

चुकांची वही

एक साधी वही घ्या, तीन रकाने आखा : मी काय म्हणालो, मागे कोणतं मराठी वाक्य होतं, बरोबर वाक्य काय. रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी ऐका आणि चुका शोधा. पण आठवड्याला तीनच चुका वहीत घ्या. तीसही सापडतील, घेऊ नका. त्या तीन चुकांवर प्रत्येकी पाच नवी वाक्यं मोठ्याने म्हणा.

रोजचा अर्धा तास

- 10 मिनिटं : सोपी इंग्रजी गोष्ट किंवा बातम्या ऐका, वाचा. साधारण सगळं कळेल असंच निवडा.
- 10 मिनिटं : चार-तीन-दोन. चुकांकडे लक्ष द्यायचं नाही.
- 10 मिनिटं : चुकांची वही. इथे एकही चूक सोडायची नाही.

आठवडाभराने पहिलं आणि शेवटचं रेकॉर्डिंग लागोपाठ ऐका. फरक तुमच्या कानांनाच कळेल.

माझ्या शिक्षक मित्रांना एक विनंती. मूल बोलत असताना हातातला लाल पेन खाली ठेवा. चुका कागदावर टिपून घ्या आणि तास संपताना, कुणाचं नाव न घेता, फळ्यावर दोन-तीन लिहा. आधी त्याने सांगितलेली जत्रेची गोष्ट पूर्ण ऐका.

आजचा गृहपाठ : 'माझ्या गावची जत्रा' किंवा 'माझा आवडता सण' यावर चार-तीन-दोन करा. मग त्यातल्या फक्त तीन चुका वहीत लिहा. चुकेल की काय याची काळजी नको. चुकल्याशिवाय वहीत लिहायला काही मिळणारच नाही!