घटक ६ : तिऱ्हाइताची दाद – मनाई हुकूम आणि अपिलाची अनुमती

वादी आणि प्रतिवादी यांची भाषा आपण मागील घटकात अभ्यासली. प्रस्तुत घटकात, जो दाव्यात नाही पण दाव्यातील आदेशाने बांधला जातो, अशा तिसऱ्याचा विचार करावयाचा आहे. मराठीत त्याला 'त्रयस्थ' म्हणतात, 'तिऱ्हाईत'ही म्हणतात. पहिल्या शब्दाला निःपक्षपातीपणाची छटा आहे, दुसऱ्याला परकेपणाची. कायद्याला यांपैकी एकही छटा अभिप्रेत नाही. तो दाव्यातील पक्षकार नाही, एवढाच त्याचा अर्थ.

उदाहरण म्हणून कॅनडातील गूगल विरुद्ध इक्वस्टेक हे प्रकरण पाहू. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील इक्वस्टेक ही छोटी कंपनी औद्योगिक यंत्रांमध्ये संपर्क जोडणारी उपकरणे बनवीत असे. आपला माल विकणाऱ्या डेटालिंकने त्यावर स्वतःचे नाव लावले आणि आपली व्यापारगुपिते वापरून स्पर्धक उपकरण तयार केले, अशी तिची तक्रार होती. २०११ मध्ये दावा दाखल झाला. डेटालिंकने न्यायालयाचे आदेश धुडकावले, प्रांत सोडला आणि अज्ञात ठिकाणाहून संकेतस्थळांद्वारे विक्री चालूच ठेवली. गूगलने ३४५ पाने शोधयादीतून काढली, परंतु ती केवळ आपल्या कॅनडातील आवृत्तीपुरती. अखेर २०१४ मध्ये प्रांतिक न्यायालयाने गूगललाच अंतरिम मनाई हुकूम दिला : डेटालिंकची संकेतस्थळे जगात कोठेही शोधयादीत दाखवू नयेत. २०१५ मध्ये प्रांताच्या अपील न्यायालयाने तो कायम केला.

गूगलने कोणतेही गैरकृत्य केल्याचा आरोप नव्हता. तरीही कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात तिला थेट अपील करता येत नव्हते. अशा दिवाणी प्रकरणात आधी अनुमती मागावी लागते. भाषेचे अभ्यासक म्हणून आपण येथे थांबले पाहिजे. अपिलात 'खालच्या न्यायालयाचे चुकले' असे म्हणावयाचे असते. अनुमतीच्या अर्जात तेवढे पुरत नाही. 'हा प्रश्न सार्वजनिक महत्त्वाचा आहे' हे पटवावे लागते. अर्जदाराला स्वतःचे गाऱ्हाणे बाजूस ठेवून सर्वांच्या वतीने बोलावे लागते. एका देशाचे न्यायालय, पक्षकार नसलेल्या कंपनीला साऱ्या जगासाठी बांधू शकते काय? अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे काय? प्रश्न असा मांडला की तो एका कंपनीचा राहत नाही. चांगले अर्ज येथेच वेगळे ठरतात, आणि बहुतेक कच्चे मसुदे येथेच फसतात.

फेब्रुवारी २०१६ मध्ये अनुमती मिळाली. मात्र अनुमती म्हणजे अनुकूल निकाल नव्हे. २८ जून २०१७ रोजी सात विरुद्ध दोन अशा मतांनी अपील फेटाळले गेले. बहुमताच्या मते, हानी ज्याच्या साहाय्याने घडते आहे आणि जो ती रोखू शकतो, त्या त्रयस्थालाही बांधता येते. खातेदाराची रक्कम गोठविताना बँक बांधली जाते, तसेच. दोन न्यायमूर्तींचे मत निराळे होते : हा हुकूम नावाला अंतरिम, परिणामाने मात्र कायमचा आहे, आणि 'मनाई' म्हणवूनही गूगलला कृती करावयास लावतो. माझ्या मते 'मनाई हुकूम' या मराठी संज्ञेची मर्यादा या आक्षेपातून जितकी उघड होते, तितकी कोणत्याही कोशातून होत नाही.

पुढे कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने अमेरिकेपुरता गूगलला दिलासा दिला. परंतु त्याच्या आधारे हुकूम बदलण्यास कॅनडातील प्रांतिक न्यायालयाने २०१८ मध्ये नकार दिला.

आपल्याकडेही पक्षकार नसलेल्या, पण आदेशाने बाधित झालेल्या व्यक्तीला अपील न्यायालयाच्या अनुमतीने अपील करता येते. संविधानाच्या अनुच्छेद १३६ खालील 'विशेष अनुमती याचिका' हा शब्दप्रयोग तर आपण वृत्तपत्रांत नेहमी वाचतो.

स्वाध्याय : दोन भागीदारांच्या दाव्यात एका गोदामचालकाला माल न सोडण्याचा हुकूम झाला आहे, तो पक्षकार नाही. त्याच्या वतीने अपिलाच्या अनुमतीसाठी दहा ओळींचा अर्ज लिहा. 'माझे नुकसान' हे शब्द वापरू नका.