ओटा फोडू नकोस, बाई

परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, पाहुणे आले की मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेते." ऐकून हसू आलं आणि वाईटही वाटलं. म्हणून जरा बैस, चहा घे, सांगते. मला माहितेय, तू मनातल्या मनात मॉड्युलरचं म्हणायलीस. मोबाइलवर चकचकीत फोटो बघायचे आणि मग आपल्या ओट्याकडे बघून उसासा टाकायचा, हे आपल्या परतुरात सध्या घरोघरी चाललंय.

तुमचं घर जुनं आहे. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला, त्याआधी आपला तालुका परभणीत होता, आणि तुमचं स्वयंपाकघर त्या परभणीच्या दिवसांतलं. कडप्प्याचा ओटा, खाली कडप्प्याच्याच उभ्या-आडव्या फळ्यांचे कप्पे, त्याला तेलरंग फासलेली लाकडी दारं, मागे दोन फूट उंचीच्या पांढऱ्या सहा बाय सहाच्या टाइल्स आणि पायाखाली शहाबादी फरशी. याला जुनाट म्हण, पण टाकाऊ म्हणू नकोस. आज बाजारात मॉड्युलर म्हणून जे खोके मिळतात, त्यातले स्वस्तातले असतात भुशाच्या दाबलेल्या पाटीचे. सिंकखाली पाणी झिरपलं की ते पावासारखे फुगतात. कडप्पा फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही, कुजत नाही. म्हणजे तुझा सांगाडा आधीच उभा आहे. तुला बदलायचेत ते चेहरे.

दुसरं कारण आपल्या जमिनीचं. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, घरही तिच्याबरोबर थोडं थोडं हलत राहतं. जुन्या भिंतींना तिरप्या चिरा जातात त्या यामुळेच. अशा भिंतीत पक्का बसलेला ओटा हातोड्याने फोडायला गेलं की सोबत गिलावा येतो, नळाची पाइपलाइन हलते, आणि टाइल्सचं काम म्हणता म्हणता गवंडी, प्लंबर, वायरमन अशी वरात दारात उभी राहते. बजेट मोडतं ते टाइल्समुळे नाही, या वरातीमुळे. म्हणून पुढचं सगळं काही न फोडता करायचं आहे, हे आधी घरात ठरवून टाक.

आधी पाणी बघ. सिंकखाली बोळा ठेवून रात्रभर सोड, सकाळी ओला निघाला तर पहिला खर्च तिथे. गळतं जोड तसंच ठेवून वर नवीन दारं लावणं म्हणजे पैसे पाण्यात, अगदी शब्दशः. मग ती पांढरी खरवड. आपल्या बोअरचं पाणी जड, नळाभोवती आणि टाइल्सवर क्षारांचे थर बसतात. त्यावर बायका सर्रास ॲसिड ओततात. डाग जातो, पण टाइल्सची चकाकी मरते आणि सांध्यातलं सिमेंट खाल्लं जातं, मग त्याच फटीत झुरळं संसार मांडतात. किराण्यात लिंबूसत्त्व मिळतं, ते कोमट पाण्यात विरघळवून फडकं भिजवून टाइलला चिकटवून ठेव आणि थोड्या वेळाने घास. मात्र हे पाणी कडप्प्यावर सांडू देऊ नकोस. कडप्पा जातीने चुनखडीचा दगड, आंबट लागलं की त्यावर फिकट डाग उठतो आणि तो धुऊन जात नाही. आणि ॲसिड व ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नकोस, त्यातून विषारी वायू सुटतो.

टाइल्सवरचं तेल वेगळं. त्याला धुण्याचा सोडा गरम पाण्यात घालून, हातमोजे घालून पूस. ॲल्युमिनियमची पातेली तेवढी बाजूला ठेव, सोड्याने ती काळी पडतात. एवढं केलंस की तुझं तुलाच दिसेल, की स्वयंपाकघर जुनं दिसायला टाइल्स नाही, टाइल्समधल्या काळ्या रेषा कारण आहेत. पांढऱ्या सिमेंटच्या त्या रेषा वर्षानुवर्षं फोडणीचं तेल पितात. हॅकसॉ ब्लेडच्या तुकड्याने त्या कोरून काढायच्या आणि नवीन ग्राउट भरायचं. शेगडीच्या मागे आणि सिंकपाशी इपॉक्सी ग्राउट घे, ते तेल-पाणी शोषत नाही. महाग आहे म्हणून सगळीकडे नको, बाकी भिंतीला साधं चालतं. रंग राखाडी घे, पांढरा नको. पण इपॉक्सी दोन भाग मिसळून करतात आणि ते भराभर घट्ट होतं. आधी कधी न केलेल्या मिस्त्रीच्या हातात दिलंस तर टाइलवर त्याचा चिकट पापुद्रा कायमचा राहील. थोडं थोडंच कालवायला लाव.

कित्येक घरांत काम इथेच संपतं, खरं सांगते. पण तुझं मन नव्या टाइल्सवर बसलंय, तर जुन्यांवरच नव्या लाव. त्याआधी एक रुपयाचं नाणं घे आणि प्रत्येक टाइल वाजव. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आवाज येईल ती टाइल मागून सुटलेली आहे. तेवढ्या काढून जागा भरून घ्यायची. बाकीच्यांची चकाकी मशिनने खरबरीत करायची आणि सिमेंटवर नाही, टाइल चिकटवायच्या अ‍ॅडहेसिव्हवर काम करायचं. पोत्यावर "टाइलवर टाइल" चालतं असं लिहिलेलं बघून घे. मिस्त्री म्हणेल, "ताई, सिमेंटचा पातळ माल लावतो, काही होत नाही." होतं. गुळगुळीत टाइलला सिमेंट पकडत नाही, शेगडीची धग लागली की वर्षा-दोन वर्षांत टाइल अंगावर येते. थर वाढल्यामुळे स्विचबोर्डाचा डबा आत जातो आणि नळ लावायचं तोंडही आत जातं. लांब स्क्रू आणि नळाला एक्स्टेन्शन आधीच आणून ठेव, नाहीतर त्या अर्ध्या इंचासाठी काम दोन दिवस अडेल.

हिशेब करून दाखवते. तुझा ओटा इंग्रजी एल आकाराचा, एक बाजू आठ फूट, दुसरी पाच, भिंत दोन फूट उंच. म्हणजे २६ चौरस फूट. बारा बाय अठराची टाइल दीड चौरस फुटाची. ती आडवी लावलीस तर दोन ओळींत दोन फूट बरोबर भरतात आणि १८ टाइल्स लागतात. फुटतुटीला दोन धर, झाल्या २०. एवढ्याशा मालासाठी दुकानात नवीन डिझाइन मागूच नकोस. जालन्याला पॅसेंजरने तासाभरात जाता येतं. तिथे टाइल्सच्या दुकानांत मोठ्या कामातल्या उरलेल्या चार-पाच पेट्या मागच्या गोदामात पडून असतात, "उरलेला माल दाखवा" म्हण. मोरबीचा चांगला माल निम्म्याच्या आसपास भावात पदरात पडू शकतो. सगळ्या पेट्यांवरचा बॅच नंबर आणि शेड एकच आहे ना, तेवढं उजेडात नेऊन बघ. आणि कृपा करून ती कपबशी, द्राक्षांचे घोस नि अर्ध्या कापलेल्या किवीची हायलायटर टाइल घेऊ नकोस. परतुरात किवी कोण खातं गं रोज?

स्टिकरचं विचारलं होतंस. ते चांदीसारखे चिकटणारे कागद खिडकीच्या बाजूला, डब्यांच्या मागे लाव, भाड्याच्या घरात तर जरूर लाव. शेगडीच्या मागे मात्र नाही. वरचा थर प्लॅस्टिकचा असतो, धगीने कडा सुटतात, आणि सुटलेली कड बर्नरपाशी लोंबायला लागली की धोका.

आता दारं. मला विचारशील तर पैसे इथे घाल, कारण हात रोज इथे लागतो. लाकूड शाबूत असेल, फक्त रंग पोपडे धरत असेल, तर नवीन दारं करूच नकोस. सोड्याच्या पाण्याने तेलकटपणा काढ, वाळव, पॉलिशपेपर मार, प्रायमर, खाचांत लांबी, पुन्हा पॉलिशपेपर, मग इनॅमलचे दोन पातळ हात. तेल न काढता रंग दिला तर तो महिन्यात सोलून येतो, मग लोक रंगाच्या डब्याला दोष देतात. एक गोष्ट फार महत्त्वाची. घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमच्या दारांवरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. म्हणून ते कोरडे घासू नकोस. पाणी लावून घास, धूळ ओल्या फडक्याने टिप, आणि तुझ्या बाळाला त्या दिवसांत माहेरी धाड. थिनरचा डबा उघडा असताना शेगडीच काय, देवघरातली समईही लावायची नाही. सासूबाईंना हे आधी सांगून ठेव, त्या दिवशी दिवा दुसऱ्या खोलीत.

लाकूड भुसभुशीत झालं असेल तर मग नवीन शटर. इथे सुताराकडून फसगत होते ती प्लायच्या नावावर. "वॉटरप्रूफ आहे" हे तोंडी ऐकून गप्प बसू नकोस, पाटीवर छापलेलं वाच. आयएस ७१० असेल तर ती पाण्याला टिकणारी मरीन प्लाय. आयएस ३०३ मध्ये दोन जाती येतात, त्यातली एमआर नुसती दमटपणाला टिकते, सिंकखाली ती नकोच. तुझ्या दोन्ही बाजू मिळून तेरा फूट आणि दारांची उंची दोन फुटांच्या आत. आठ बाय चारची एक पाटी उभी चिरली की दोन फूट रुंदीच्या दोन पट्ट्या, सोळा फूट लांबी मिळते. म्हणजे सगळी दारं एका पाटीत बसतात. सुतार दोन पाट्या मागायला लागला तर हे त्याला शांतपणे कागदावर मांडून दाखव. सनमायका बाहेरून लावायचाच, आतूनही पातळ लायनर लावून घे. एकाच बाजूला लावला की दार वाकतं.

माप प्रत्येक कप्प्याचं वेगळं, वर-खाली आणि दोन्ही कडांचं, सुतासुताने. जुन्या घरात एकही कोपरा काटकोनात नसतो. कडप्प्यात स्क्रू धरत नाही, म्हणून दार लाकडी चौकटीलाच टांगायचं, ती हलते का बघ. बिजागऱ्या स्टेनलेसच्या घे. आपल्या पाण्याला लोखंडी दोन पावसाळ्यांत गंजते, आणि बिजागरी लोंबली की सनमायका कितीही महागाचा असो, दार गरीब दिसतं.

ट्रॉल्या सगळ्या नकोत. एक ताट-वाट्यांना, एक डाळी-तांदळाच्या डब्यांना, बस. सिलिंडरच्या कप्प्याचं दार बंद गाळ्यासारखं करू नकोस, त्याला तळाशी जाळी किंवा भोकं हवीत. आपला गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. आणि हे काम चाललंय तोवर नारिंगी सुरक्षा नळीवरची तारीख बघ, पाच वर्षं उलटली असतील तर बदल.

आता घरातलं, आपल्या दोघींतलं. त्या ओट्यावर सासूबाईंनी उभं राहून, आधी त्यांच्या सासूबाईंचं ऐकून, संसार केलाय. तू "हे सगळं जुनं झालंय" म्हणालीस की त्यांना ते ओट्याबद्दल ऐकू येत नाही. म्हणून रंग त्यांना निवडू दे आणि जागा तू ठरव. त्यांनी पिस्ता रंग काढला तर आनंदाने हो म्हण, पिस्ता रंगाने स्वयंपाक बिघडत नाही. पण मिठाची बरणी, चहा-साखर, फोडणीचा डबा हाताशी कुठे येणार, हे तू ठरव, कारण रोज तिथे तू उभी राहणार आहेस. पितळी डबे माळ्यावर टाकू नकोस. चिंचेने घासून वरच्या उघड्या फळीवर मांड, त्यांचाही मान राहील आणि भिंतही भरेल.

पैशाचं एकदम काढू नकोस. सोयाबीन दसऱ्याच्या आसपास विकलं जातं, तेव्हा नळ, सांधे नि टाइल्स. कापसाचे पैसे पुढे येतात, त्यात दारं. भिशी लागली तर उत्तम. बचत गटाचं कर्ज मात्र शिलाई मशिनला घे, शेळीला घे, शटरला घेऊ नकोस, शटर हप्ता फेडत नाही. मिस्त्री रोजाने सांगितलास तर काम लांबतं, तेव्हा ठेक्याने बोल, पण सामान स्वतः आण आणि पावत्या जपून ठेव. थोडे पैसे काम धुऊन-पुसून हाती आल्यावरच द्यायचे, हे सुरुवातीलाच सांग.

दिवाळीच्या तोंडावर परतुरात ना टाइल्सचा मिस्त्री मिळतो ना रंगारी. पोळा झाला की लगेच बोलून ठेव, आणि त्या आधी एका रविवारी नाणं घेऊन टाइल्स वाजवून बघ. किती पोकळ निघाल्या ते मला कळव, मग बाकीचं ठरवू.