खाटेजवळची प्रयोगशाळा

कोल्हापूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागात, सह्याद्रीच्या कुशीत आजरा तालुका वसलेला आहे. हिरण्यकेशी नदी, मुसळधार पाऊस आणि सुवासिक घनसाळ तांदूळ यांमुळे या तालुक्याचे नाव सर्वतोमुखी झाले आहे. येथील शेतकऱ्याचे सारे आयुष्य माती, दगड, पेंढा आणि लाकूडफाटा यांच्या संगतीत जाते. भाताच्या उडवीतून पेंढा ओढताना, बांधावरचा दगड उचलताना किंवा चुलीसाठी सरपण काढताना एखाद्याचा हात नकळत विंचवावर पडतो आणि क्षणार्धात अंगातून वीज गेल्यासारखी कळ उठते. डोंगराळ मुलखातील माणसाला हा अनुभव नवा नाही.

विंचू आपल्या लोकजीवनात फार जुना आहे. संत एकनाथांनी आपल्या भारुडात त्याला मानाचे स्थान दिले. गावोगावच्या मांत्रिकांनी त्याच्यावर आपली उपजीविका चालविली. मंत्राने विंचू उतरतो, अशी समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आली. ही समजूत इतकी दृढ का झाली, याचा विचार करण्यासारखा आहे. विंचवाच्या बहुतेक दंशांत वेदना असह्य होतात, परंतु जिवास धोका नसतो. काही तासांनी वेदना आपोआपच ओसरते. या वेळात मांत्रिकाने मंत्र म्हटला, तर गुण मंत्राचाच आला असे वाटते. जे बरे झाले त्यांची कथा गावभर होते. जे दगावले त्यांच्याविषयी ‘आयुष्यच सरले होते’ असे म्हणून लोक गप्प बसतात. बरे झालेले आणि दगावलेले, दोघांचीही नोंद एकाच वहीत कोणी करीत नाही, म्हणून खरे काय ते कळत नाही.

अशी नोंद चिकाटीने करणाऱ्या एका डॉक्टरांची ही हकीकत आहे.

आजऱ्याहून आंबोलीच्या घाटाने खाली उतरले म्हणजे कोकणपट्टी लागते. त्याच कोकणपट्टीत, पुष्कळ उत्तरेस, महाड हे गाव आहे. महाडजवळ बिरवाडी येथे शासनाचे एक प्राथमिक आरोग्य केंद्र होते. १९७६ साली या केंद्रावर एक तरुण डॉक्टर रुजू झाले. त्यांचे नाव हिंमतराव बावस्कर. त्यांचा जन्म १९५१ साली जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला होता. हलाखीशी झुंज देत त्यांनी नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी संपादन केली होती.

बिरवाडीच्या परिसरात लाल विंचवाचा सुळसुळाट होता. हा विंचू आकाराने लहान, रंगाने तांबूस आणि नाजूक आकड्यांचा असतो. मोठ्या आकड्यांचा काळा विंचू दिसावयास अधिक भयंकर. पण खरा घातक तो हा लहानसा लाल विंचू. त्याने दंश केलेली माणसे आरोग्य केंद्रात येत. त्यांत शेतकरी असत, मजूर असत आणि लहान मुलेही असत. काही जण एका रात्रीत बरे होऊन घरी जात. काहींचा मात्र डोळ्यांदेखत अंत होई. त्या काळी गंभीर अवस्थेत आलेल्या शंभर रुग्णांपैकी तीसच्या आसपास दगावत.

या दुखण्याविषयी वैद्यकशास्त्र अगदीच अनभिज्ञ होते असे नाही. विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी साचून रुग्ण दगावतो, असा वृत्तान्त डॉ. मुंडले यांनी १९६१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला होता. परंतु हे का घडते आणि त्यावर उपाय कोणता, या प्रश्नांची उत्तरे पाठ्यपुस्तकांत नव्हती. जी औषधे देण्याचा प्रघात होता, त्यांनी रुग्णाचे प्राण वाचत नसत.

अशा वेळी डॉक्टरांपुढे दोन मार्ग असतात. ‘पुस्तकात सांगितले ते केले, आता दैवाची इच्छा’ असे म्हणून स्वस्थ बसणे हा एक मार्ग. जे पुस्तकात नाही, ते रुग्णाकडूनच शिकून घेणे हा दुसरा मार्ग. डॉ. बावस्करांनी दुसरा मार्ग पत्करला. त्यांच्याजवळ मोठी प्रयोगशाळा नव्हती, महागडी यंत्रे नव्हती. रुग्णाची खाट हीच त्यांची प्रयोगशाळा झाली. ते रुग्णाजवळ बसून त्याची नाडी मोजीत, रक्तदाब पाहत, छातीला नळी लावून हृदयाचे ठोके ऐकत आणि जे दिसेल ते वेळेसह टिपून ठेवीत.

एका रुग्णाच्या नोंदीवरून फारसे काही कळत नाही. अनेक रुग्णांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे मात्र त्यांतून एक चित्र उमटू लागते. बावस्करांना दिसलेले चित्र असे होते. ज्या रुग्णांची प्रकृती पुढे बिघडे, त्यांना प्रथम ओकाऱ्या होत. सर्वांग घामाने निथळे. हातपाय बर्फासारखे गार पडत. प्रारंभी रक्तदाब वाढे. काही तासांनी हृदय थकत जाई, श्वास कोंडू लागे, खोकल्याबरोबर फेस येई आणि रुग्ण हातचा जाई. म्हणजे मृत्यू अचानक घाला घालीत नव्हता. तो येण्यापूर्वी आपल्या आगमनाची सूचना देत होता. ती सूचना ओळखणारा मात्र आजवर भेटला नव्हता. ही पूर्वसूचक लक्षणे बावस्करांनी १९८२ साली ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. १८२३ साली लंडनमध्ये सुरू झालेले हे नियतकालिक जगभरातील डॉक्टर वाचतात. कोकणातील एका खेड्यातील रुग्णांच्या नोंदी अशा रीतीने जगापुढे गेल्या.

लक्षणे ओळखता आली, तरी उपाय सापडावयाचा होता. त्यासाठी कारणाच्या मुळाशी जाणे आवश्यक होते. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात उच्च शिक्षण घेऊन बावस्कर पुन्हा महाडच्या परिसरात आले आणि याच प्रश्नाच्या मागे लागले.

विंचवाचे विष शरीरात नेमके काय करते? आपल्या मज्जातंतूंमध्ये अतिसूक्ष्म दरवाजे असतात. ते क्षणभर उघडतात व मिटतात. त्यायोगे संदेश पुढे जातो. लाल विंचवाचे विष हे दरवाजे लवकर मिटू देत नाही. मज्जातंतू सारखे चेतविले जातात आणि भीतीच्या किंवा संकटाच्या प्रसंगी जी द्रव्ये शरीर थोडीथोडी सोडते, तीच द्रव्ये रक्तात एकदम लोटली जातात. त्यांच्यामुळे शरीरभरच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. पाण्याच्या रबरी नळीचे तोंड चिमटीत दाबून धरावे आणि पंप मात्र चालूच ठेवावा, म्हणजे पंपावर जसा ताण येतो, तसाच ताण हृदयावर येतो. हृदय काही काळ नेटाने झगडते, मग हरते. त्याच्या मागे रक्त तुंबते आणि फुप्फुसांत पाणी भरते.

हे उमगल्यावर उपायाची दिशा दिसू लागली. दोष हृदयाच्या दुबळेपणात नव्हता. आवळलेल्या रक्तवाहिन्यांत होता. त्या सैल केल्या, तर हृदयावरचा भार हलका होईल. या विचाराने त्यांनी प्रथम सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध वापरले. ते शिरेतून थेंब थेंब द्यावे लागते आणि तेवढा वेळ रक्तदाबावर सतत डोळा ठेवावा लागतो. मोठ्या रुग्णालयात हे साधते. खेड्यातील दवाखान्यात ते कठीण असते. मग त्यांचे लक्ष प्राझोसिन या गोळीकडे गेले. वाढलेल्या रक्तदाबावर ती आधीपासून दिली जात होती. रक्तवाहिन्यांना आवळणारा संदेश ज्या ठिकाणी पोहोचतो, नेमके तेच ठिकाण ही गोळी अडवून धरते. ती स्वस्त असून तोंडाने देता येते. मात्र तिच्यामुळे रक्तदाब एकाएकी उतरण्याचा संभव असल्याने रुग्णास निजवून ठेवावे लागते आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावी लागते.

प्राझोसिनचा गुण येतो आहे, हे रुग्णांच्या नोंदींवरून दिसू लागले. गार पडलेले हातपाय उबदार होत, श्वास मोकळा होई. डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी हा अनुभव १९८६ साली ‘द लॅन्सेट’मध्ये मांडला. पुढे या उपचाराचा प्रसार झाला. ज्या दुखण्यात शंभरांपैकी तीस रुग्ण दगावत, त्यात वेळेवर उपचार मिळालेल्या शंभरांपैकी एखादाच रुग्ण दगावू लागला.

येथे दुसरा कोणी थांबला असता. परंतु संशोधकाचे मन मिळालेल्या यशालाही प्रश्न विचारते. विंचवाच्या विषावर प्रतिविषही उपलब्ध झाले होते. प्राझोसिनबरोबर प्रतिविष दिले तर रुग्ण अधिक लवकर बरा होईल काय? ‘मला असे वाटते’ हे या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही. त्यासाठी न्याय्य तुलना करावी लागते. डॉक्टरांनी प्रकृती बरी दिसणाऱ्यांना एक औषध दिले आणि अत्यवस्थ रुग्णांना दुसरे दिले, तर पहिले औषध उगाचच श्रेष्ठ ठरेल. म्हणून कोणत्या रुग्णास कोणता उपचार मिळावा, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने ठरविले जाते. अशा परीक्षेत रुग्णाला वा त्याच्या आप्तांना सारे समजावून देऊन त्यांची संमती घेणे हे डॉक्टरांचे कर्तव्य असते.

महाड येथील बावस्कर दांपत्याच्या रुग्णालयात अशी परीक्षा झाली. तीत लाल विंचवाच्या दंशाचे ७० रुग्ण होते. ३५ जणांना केवळ प्राझोसिन देण्यात आले. उरलेल्या ३५ जणांना प्राझोसिन व प्रतिविष ही दोन्ही देण्यात आली. १० तासांनंतर पाहता, दोन्ही औषधे मिळालेल्यांपैकी ३२ जण लक्षणमुक्त झाले होते. केवळ प्राझोसिन मिळालेल्यांपैकी तेवढ्या वेळात ८ जणच लक्षणमुक्त झाले होते. याचा अर्थ प्राझोसिन निरुपयोगी असा नव्हे. त्याच्या जोडीला प्रतिविष मिळाले, तर रुग्ण अधिक लवकर सावरतो, हा त्याचा अर्थ. २०११ साली हा निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याच उपचाराची इतक्या कठोरपणे परीक्षा घेण्यास मनाचा मोठेपणा लागतो. भारत सरकारने २०२२ साली डॉ. बावस्करांना ‘पद्मश्री’ देऊन त्यांच्या कार्याचा गौरव केला.

या हकीकतीपासून घेण्यासारखा बोध विंचवापुरताच मर्यादित नाही. संशोधन म्हटले की मोठे शहर, भव्य इमारत आणि दुर्मीळ रोग यांचे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. प्रत्यक्षात ताप, हिवताप, सर्पदंश, न्यूमोनिया, आतड्याची सूज, मोडलेले हाड, चिघळलेली जखम अशी नेहमीचीच दुखणी घेऊन बहुसंख्य माणसे रुग्णालयाची पायरी चढतात. ती नेहमीची असतात, म्हणूनच त्यांच्याकडे दुर्लक्ष होते; आणि ती नेहमीची असतात, म्हणूनच त्यांविषयी मिळविलेल्या थोड्याशा ज्ञानानेही असंख्य प्राण वाचतात. ज्यास सर्वजण केसपेपर म्हणतात, तो कागद कपाटात धूळ खात पडला तर रद्दी ठरतो. विचारपूर्वक लिहिला आणि पुन्हा वाचला, तर तोच ज्ञानाचे साधन होतो. महाडला जे घडले, ते आजऱ्याला किंवा कोणत्याही तालुक्याच्या गावी घडू शकते. त्यासाठी हवी असते ती सूक्ष्म दृष्टी, नियमित नोंद आणि आपले म्हणणे चुकीचे ठरले तरी ते मान्य करण्याची तयारी.

आणि या कार्यात रुग्णाचाही वाटा असतो. औषध कितीही गुणकारी असले, तरी मांत्रिकाच्या ओट्यावर रात्र घालविलेल्या माणसाला ते उशिरा मिळते. विंचू चावल्यावर ओकाऱ्या होऊ लागल्या, दरदरून घाम सुटला, हातपाय गार पडले, तर एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठले पाहिजे. वेदना फार नाही म्हणून धोका नाही, असे समजू नये. पायांत घालण्यापूर्वी चपला झाडाव्यात, पेंढ्यात व लाकडांच्या ढिगात उघडा हात घालू नये, रात्री अंधारात विजेरीवाचून चालू नये. जे डॉक्टर रुग्णाच्या खाटेजवळ रात्र रात्र जागले, त्यांच्या श्रमाचे चीज अशा साध्या सावधगिरीनेच होईल.

स्वाध्याय

१. मंत्राने विंचू उतरतो, ही समजूत लोकांत का दृढ झाली असावी?
२. लाल विंचवाच्या विषामुळे हृदयावर ताण कसा येतो, हे पाठातील दृष्टान्ताच्या आधारे स्पष्ट करा.
३. कोणत्या रुग्णास कोणता उपचार द्यावा, हे डॉक्टरांच्या मर्जीवर सोडले तर तुलना न्याय्य का राहत नाही?
४. ‘ती नेहमीची असतात, म्हणूनच त्यांच्याकडे दुर्लक्ष होते’ या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : मुळाशी जाणे, श्रमाचे चीज होणे, घाला घालणे, धूळ खात पडणे.