जुनी मोठी स्कूटर घेताना : किंमत, कागद आणि निगा

बजाज चेतक १९७२ साली बाजारात आली आणि पुढील तीन दशके स्कूटर म्हणजे दीडशे सीसीचे कौटुंबिक वाहन, हे समीकरण भारतीय घरांत रूढ झाले. युरोपात आणि जपानमध्ये मात्र या वाहनाचा वेगळा विस्तार झाला. रुंद आसन, उंच काच, आसनाखाली सामानाची प्रशस्त जागा आणि दूरच्या प्रवासाला पुरेल असे इंजिन असलेल्या मोठ्या स्कूटर तेथे लोकप्रिय झाल्या. सुझुकीची बर्गमन ६५० आणि यामाहाची टी-मॅक्स ही त्यांतील ठळक नावे होत. भारतात हा वर्ग उशिरा आला. ऑक्टोबर २०२१ मध्ये बीएमडब्ल्यूने ३५० सीसीची सी ४०० जीटी सुमारे दहा लाख रुपये किमतीला येथे आणली. २०२२ मध्ये कीवे कंपनीची २७८ सीसीची व्हिएस्टे ३०० दाखल झाली.

नव्या वाहनाची ही किंमत अनेकांच्या आवाक्याबाहेर असल्याने काही वर्षे वापरलेल्या वाहनाकडे ग्राहकांचे लक्ष वळणे स्वाभाविक आहे. असे वाहन निम्म्या किमतीत मिळाले, तर व्यवहार लाभदायक वाटतो. परंतु जुने वाहन घेणारा केवळ यंत्र विकत घेत नसतो. त्या यंत्राचा पूर्वेतिहास, त्यावरील कर्ज आणि त्याच्याशी जोडलेली कायदेशीर जबाबदारीही त्याच्याकडे येत असते. म्हणून वाहनाइतकीच कागदपत्रांचीही पारख करणे आवश्यक ठरते.

खरी किंमत कोणती?

विक्रेत्याने सांगितलेली रक्कम ही खर्चाची केवळ सुरुवात असते. समजा, सौदा चार लाख रुपयांना ठरला. ग्राहकाने १,२०,००० रुपये स्वतःचे घातले आणि उरलेल्या २,८०,००० रुपयांचे कर्ज, घटत्या शिल्लकेवर द.सा.द.शे. १२ दराने, तीन वर्षांसाठी घेतले. या उदाहरणात मासिक हप्ता सुमारे ९,३०० रुपये होईल. छत्तीस हप्त्यांत ३,३४,८०० रुपये फेडले जातील, म्हणजेच व्याजापोटी सुमारे ५४,८०० रुपये जातील.

याखेरीज हस्तांतराचे शुल्क, विम्याचा हप्ता आणि पहिल्याच वर्षी संभवणारी दुरुस्ती यांचा विचार व्हावा. मोठ्या स्कूटरचे टायर, ब्रेक पॅड, बेल्ट व बॅटरी हे भाग साध्या स्कूटरच्या भागांहून बरेच महाग असतात. पूर्णतः आयात केलेल्या वाहनाच्या सुट्या भागांसाठी कधी कधी प्रतीक्षाही करावी लागते. त्यामुळे सौद्याच्या रकमेच्या किमान दहा टक्के रक्कम, म्हणजे वरील उदाहरणात चाळीस हजार रुपये, स्वतंत्र राखून ठेवणे शहाणपणाचे ठरते. ही तजवीज करता येत नसेल, तर लहान वाहनाचा विचार करणे अधिक हिताचे.

वाहनाची तपासणी

तपासणी सकाळी, इंजिन थंड असताना करावी. विक्रेत्याने आधीच इंजिन गरम करून ठेवले असल्यास सुरू होण्यातील अडचणी लपून राहतात. इंजिन सुरू केल्यावर निळसर धूर सतत येत असेल, तर ऑइल जळत असल्याचे समजावे. ऑइल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी किंवा कूलंट मिसळल्याची शंका घ्यावी.

या स्कूटरमध्ये गिअर बदलण्याचे काम रबरी बेल्ट आणि आकार बदलणाऱ्या दोन कप्प्या करतात. चाक फिरवण्याची शक्ती या बेल्टमधूनच जाते. वाहन सुटताना थरथरत असेल, किंवा इंजिनचा आवाज वाढूनही वेग त्या प्रमाणात वाढत नसेल, तर बेल्ट अथवा क्लच झिजल्याचा संभव असतो. बेल्ट शेवटचा कधी बदलला, हे सर्व्हिसच्या नोंदीतून पाहावे.

टायरच्या बाजूवर चार अंकी खूण असते. '२३२१' अशी खूण असल्यास तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला, असा तिचा अर्थ. पाच वर्षांत केवळ चार हजार किलोमीटर धावलेले वाहन नेहमीच उत्तम असते, हा समजही तपासून घ्यावा. न वापरलेल्या वाहनातही रबर कडक होते, ब्रेक ऑइल ओलावा शोषते आणि पेट्रोल शिळे होते.

विनागिअर दुचाकीचा परवाना असलेल्या प्रौढ व्यक्तीला ही स्कूटर चालवण्यास कायद्याची आडकाठी नाही. परंतु दोनशे किलोंहून अधिक वजन उभ्या स्थितीत सावरणे ही निराळी गोष्ट आहे. ग्राहकाने ती उतारावर मागे ढकलून, स्टँडवर लावून आणि गर्दीतून चालवून पाहावी.

कागदपत्रे : मालकी कोणाच्या नावे?

नोंदणी प्रमाणपत्रावरील चॅसिस व इंजिन क्रमांक वाहनावरील क्रमांकांशी अक्षरशः ताडून पाहावेत. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर वाहनाचा तपशील आणि प्रलंबित ई-चलन पाहता येते. प्रमाणपत्रावर एखाद्या बँकेचे नाव हायपोथिकेशन म्हणून नोंदलेले असेल, तर कर्ज फिटल्याचे विक्रेत्याचे तोंडी आश्वासन पुरेसे नाही. बँकेचा ना हरकत दाखला आणि नमुना क्रमांक ३५ हाती यावयास हवा. कर्ज शिल्लक असल्यास तेवढी रक्कम विक्रेत्याच्या हाती न देता थेट त्याच्या कर्ज खात्यात भरावी आणि उर्वरित रक्कम खात्यामार्फतच द्यावी.

मालकी हस्तांतरासाठी नमुना क्रमांक २९ व ३० भरले जातात. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५० प्रमाणे, त्याच राज्यातील व्यवहारात विक्रेत्याने चौदा दिवसांत आणि खरेदीदाराने तीस दिवसांत परिवहन कार्यालयास कळवणे अपेक्षित आहे. अन्य राज्यातील वाहनासाठी मूळ कार्यालयाचा ना हरकत दाखला, म्हणजे नमुना क्रमांक २८, लागतो. वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास नव्याने नोंदणी करावी लागते आणि तेथील कराचा भारही पडू शकतो. बंगळुरू, हैदराबाद किंवा इंदूर येथून नागपूर-पुण्याकडे बदलून येणाऱ्या नोकरदारांनी स्वस्त वाटणाऱ्या सौद्यात हा कर आधीच धरावा.

विक्रेत्यासाठीही ही बाब तितकीच गंभीर आहे. एका मालकाने आपली मोटार २००७ मध्ये विकली. नोंदणी मात्र त्याच्याच नावे राहिली. मोटार पुढे आणखी काही हातांतून गेली आणि २००९ मध्ये तिचा जीवघेणा अपघात झाला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर ठेवली. वाहन दारातून गेले, म्हणून जबाबदारी जात नाही. वाहन सुपूर्द करताना तारीख व वेळ नमूद केलेली पावती दोघांनी सह्या करून जपावी आणि नावाचा बदल झाल्याची खात्री करूनच प्रकरण संपले असे मानावे.

विम्यातील फरक

१ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घेणे बंधनकारक झाले. त्यामुळे विमा चालू आहे, असे विक्रेता प्रामाणिकपणे सांगत असला, तरी वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा संपलेला असू शकतो. दोन्ही मुदती स्वतंत्रपणे पाहाव्यात.

मालकी बदलल्यावर थर्ड पार्टी संरक्षण कलम १५७ प्रमाणे नव्या मालकाकडे आपोआप जाते. वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण तसे जात नाही. त्यासाठी चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करावा. अन्यथा चोरी वा अपघात झाल्यास दावा नाकारला जाण्याची भीती असते आणि कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतात. विक्रेत्याला मिळणारी 'नो क्लेम' सवलत ही व्यक्तीची असते, वाहनाची नव्हे. ती खरेदीदारास मिळत नाही, हेही हप्ता काढताना लक्षात असावे.

निगा

खरेदीनंतर पूर्वीच्या नोंदींवर विसंबून न राहता इंजिन ऑइल, मागील चाकाकडील गिअर ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल आणि एअर फिल्टर एकदा बदलून घ्यावेत व तेथून नवी नोंदवही सुरू करावी. बदलाची मुदत निर्मात्याच्या पुस्तिकेनुसार ठरवावी. किलोमीटर किंवा कालावधी, यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते प्रमाण मानावे. वाहन २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी योग्य आहे का, हेही त्याच पुस्तिकेत पाहावे.

टायरमधील हवा आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना तपासावी. आठवड्यातून एकदा तरी वाहन आठ-दहा किलोमीटर चालवल्यास बॅटरी टिकते. घाट उतरताना या स्कूटरला इंजिनचा अटकाव गिअरच्या मोटारसायकलइतका मिळत नाही, म्हणून ब्रेक सतत दाबून धरू नये. वेग आधीच कमी ठेवावा आणि ब्रेक तापल्यास थांबून ते निवू द्यावेत. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून जाणे टाळावे. बेल्टच्या कप्प्यात पाणी शिरल्यास बेल्ट घसरू लागतो.

नियमित नोंदी ठेवलेल्या वाहनास पुनर्विक्रीत विश्वास लाभतो आणि म्हणून किंमतही बरी मिळते. मोठ्या स्कूटरचा आनंद दूरच्या रस्त्यावर आहे, हे खरे. परंतु त्या प्रवासाला निघण्यापूर्वी नोंदणी, विमा आणि कर्ज या तिन्ही कागदांवर स्वतःचे नाव योग्य जागी आले आहे ना, एवढे ग्राहकाने पाहून घ्यावे.