विहारात जाताना

अंबरनाथ (पूर्व)

चि. बाळास,


काल फोनवर म्हणालास, उल्हासनगरच्या मित्राने बुद्ध पौर्णिमेला त्यांच्या विहारात बोलावलंय, जाऊ का, आणि गेलो तर काय करायचं? जायचंच. कसं जायचं ते मात्र फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र.

आपल्या शिवमंदिराच्या महाशिवरात्रीच्या जत्रेला तू लहानपणापासून येतोस. रांग, दर्शन, नारळ, मनातला नवस ही तुझी सवय. विहारात त्या सवयीने जाऊ नकोस. तिथे बुद्धाकडे काही मागत नाहीत, त्याने दाखवलेली वाट आठवतात. वैशाखातल्या या एका पौर्णिमेला त्याचा जन्म, ज्ञानप्राप्ती आणि महापरिनिर्वाण या तिन्हींचं स्मरण केलं जातं. नारळ-कुंकू नेऊ नकोस, फुलं आणि मेणबत्ती ने. कपडे साधे, जमल्यास पांढरे. चपला बाहेर, मोबाइल बंद. मूर्तीकडे किंवा भन्तेंकडे, म्हणजे भिक्खूंकडे, पाय पसरून बसू नये. भिक्खू माध्यान्हीनंतर जेवत नाहीत, त्यामुळे भोजनदानाला बोलावलं असेल तर अकराच्या आत पोहोच.

वंदना पालीत असते. त्रिसरण, म्हणजे बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाणं, झालं की पंचशील: हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं बोलणं आणि नशा यांपासून दूर राहण्याचं व्रत. प्रत्येक शीलाच्या शेवटी ‘समादियामि’ येतं, म्हणजे ‘मी स्वीकारतो’. सगळे म्हणतात म्हणून तू म्हणू नकोस. यातलं चौथं शीलच खोटं न बोलण्याचं आहे. मनात नसताना ते घेतलंस तर घेता घेताच मोडशील. हात जोडून शांत बसलास तरी कुणी रागावणार नाही. आणि ऐकता ऐकता एखादं शील आपल्याला जमेल असं वाटलं, तर तेवढं मनापासून म्हण. शेवटी सगळ्यांबरोबर तीनदा ‘साधु’ म्हणायला काहीच हरकत नाही.

मग खीर येईल. सुजातेने सिद्धार्थाला दिलेल्या खिरीची ती आठवण. पंगतीत बसून पोटभर खा. मित्राच्या घरी गेलास तर त्याची आई आधी पाणी देईल. तहान नसली तरी पी. अस्पृश्य ठरवलेल्या ज्या समाजाला 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्या समाजाच्या घरात भरलेला पेला तसाच ठेवून उठणं म्हणजे काय, ते त्या माउलीला सांगावं लागत नाही. तिच्या दोन पिढ्यांनी ते पाहिलेलं असतं.

माझी एक चूक सांगतो, म्हणजे तुझ्या हातून ती होणार नाही. नोकरीला लागून वर्ष झालं होतं. 6 डिसेंबरला शेजारच्या मशीनवरचा सोबती पांढरा सदरा घालून आला, संध्याकाळी सुटल्यावर दादरला जायचं म्हणाला. मला वाटलं सण आहे. मी हात पुढे करून शुभेच्छा दिल्या. त्याने हात धरून ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला, “भाऊ, आज आमचा बाप गेलेला दिवस.” बाबासाहेब आंबेडकर 1956 साली त्या तारखेला गेले, दुसऱ्या दिवशी दादरच्या समुद्राकाठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, तीच जागा आजची चैत्यभूमी. सहा वर्षं मी शाळेत इतिहास शिकलो होतो, तरी मला हे ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळी मी त्याच्याबरोबर गेलो, रांगेत उभा राहिलो. त्या दिवशी शुभेच्छा नसतात, अभिवादन असतं. कुणी तिथे हारांऐवजी वही-पेन वाहतात, ते मुलांच्या शिक्षणाला जातं. येताना अनेकांच्या हातात पुस्तक असतं.

अशोक विजयादशमीचा दिवस मात्र आनंदाचा. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात महास्थविर चंद्रमणींकडून बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मग लाखो माणसांना स्वतः दिली. त्या दिवशी तोंडभरून शुभेच्छा दे. कुणाला ‘आधी तुम्ही कोण होतात’ असं कधीही विचारू नकोस. जे मागे टाकायला माणसं नागपूरपर्यंत चालत गेली, ते आपण उकरून काढायचं नसतं.

आणि हा धम्म आपल्या भागाला परका आहे असंही समजू नकोस. बदलापूरहून गाडीत बसलास की अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी आणि मग कल्याण. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत दान देणाऱ्या कल्याणकरांची नावं कोरलेली आहेत, त्यात व्यापारी आहेत, सोनार आहे, लोहारही आहे. तू ज्या वाटेने रोज कामाला जातोस, त्या वाटेवरच्या कष्टकऱ्यांनी सुमारे अठराशे वर्षांपूर्वी भिक्खूंसाठी आपली कमाई खर्च केली.

एका पौर्णिमेने सगळं कळत नाही. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. तेव्हा पुष्कळ विहारांत संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या बाबासाहेबांच्या ग्रंथाचं वाचन चालतं. गर्दी नसते, खीर नसते, बाहेर पाऊस असतो. मित्राला विचारून अशा एखाद्या संध्याकाळी मागे जाऊन बस आणि ऐक. सणाला आलेला माणूस पाहुणा असतो. पावसात ऐकायला आलेल्याला ते आपला म्हणतात.

शेवटचं एक. निघताना मित्राला आणि त्याच्या आई-वडिलांना आपल्या घरी जेवायचं आमंत्रण दे. तुझी काकू स्वयंपाक करील, मी स्टेशनवर घ्यायला येईन. नुसतं आपणच जायचं आणि त्यांना कधी बोलवायचं नाही, याला संबंध म्हणत नाहीत. तारीख ठरवूनच ये.

तुझा,
काका